हात पोचेल तिथे कोनाडा

माझी मावशी लोकांच्या धडधाकट भिंती फोडायची आणि लोक तिला वर चहा पाजायचे. असं भाग्य किती जणांच्या नशिबी येतं, तुम्हीच सांगा. बाकीच्या बाया कपडे शिवतात, दुकानात उभ्या राहतात, कुणाची मुलं सांभाळतात. ही बाई छन्नी-हातोडा पिशवीत टाकून सकाळी घराबाहेर पडायची आणि संध्याकाळी केसांत पांढरी धूळ घेऊन परत यायची. सगळे तिला कोनाडेबाई म्हणायचे. तिचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवत नसे.

आमच्याकडची घरं जुनी. भिंती दीड-दोन फूट जाड आणि खोल्या काडेपेटीएवढ्या. कपाट आत आणलं तर माणसाने बाहेर उभं राहायचं. मग सामान ठेवायचं कुठे? तर भिंतीच्या पोटात. मावशीचा नवरा गवंडी होता आणि ती त्याच्या हाताखाली घमेली वाहायची. कोनाडा खोदायला त्याची हरकत नसे, पण आतला गिलावा करायचा म्हटलं की तो वैतागायचा. पाच बाजू, आठ कोपरे, आणि त्याचा पंजा हा एवढा! कोपरा साधला की कड मोडायची, कड साधली की कोपरा फुगायचा. एक दिवस त्याने थापी फेकली आणि म्हणाला, "तूच बघ." तिने बघितलं. तेव्हापासून तो उभ्या भिंती करायचा आणि ही कोनाडे. पुढे धुळीने त्याची छाती गेली, तो गेला, आणि मावशी एकटीच कामं घ्यायला लागली. सुरुवातीला लोक हसले. बाईमाणूस आणि भिंत फोडणार? मग तिचा पहिला कोनाडा पाहिला आणि तोंडं मिटली.

तिची कामाची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. पहिल्या दिवशी ती हत्यार आणायचीच नाही. सुतळीचा एक गुंडा घेऊन यायची, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टूल टाकायची आणि दिवसभर नुसती बसायची. घरातली बाई आधी बुजायची, मग तिला विसरून आपल्या कामाला लागायची. मावशीची नजर तिच्या हातांवर. चमचा न बघता कुठे ठेवते? मिठाला हात कुठे जातो? औषधाची बाटली शोधते की सरळ उचलते? संध्याकाळी त्या बाईला भिंतीशी उभं करायची आणि म्हणायची, "हात वर कर. ताणू नकोस, आपसूक जाईल तिथवर." तिथे सुतळीला एक गाठ. मग, "आता ताण." तिथे दुसरी गाठ. पहिल्या गाठीच्या खाली रोजच्या वस्तूंचे कोनाडे, दुसऱ्या गाठीपर्यंत वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंचे. टेप तिने कधी वापरली नाही. म्हणायची, टेपला काय कळतंय कुणाची कंबर दुखते ते.

दाखवायच्या वस्तूंचा हिशोब वेगळा. तो कोनाडा बसलेल्या पाहुण्याच्या डोळ्यासमोर हवा. एका निवृत्त मास्तरांना त्यांचे कप आणि ढाली मांडायच्या होत्या. मावशीने दिवसभर बसून पाहिलं आणि कोनाडा नेमका मास्तरांच्या आरामखुर्चीसमोर काढला. मास्तर म्हणाले, "अहो, इथे पाहुणे बसत नाहीत, मी बसतो." मावशी म्हणाली, "बघणारे तुम्हीच आहात." मास्तर लाजले, पण कोनाडा तिथेच राहिला.

हातांवरून तिला माणसाच्या पोटातलं कळायचं. एका घरी म्हाताऱ्याचा हात दिवसातून तीनदा भिंतीवरच्या घड्याळामागे गेला. मावशीने ओळखलं, तंबाखू. बायकोला तिने चकार शब्द सांगितला नाही, फक्त घड्याळाचा कोनाडा चार बोटं जास्त खोल खोदला. म्हातारा पुढे रस्त्यात भेटला की तिला वाकून नमस्कार करायचा.

प्रत्येक घराची सुतळी ती जपून ठेवायची. टोकाला त्या घरातलीच एखादी चिंधी बांधायची, म्हणजे कुणाची कोणती ते कळावं. तिच्या दारामागच्या खुंटीवर अशा शे-दीडशे सुतळ्या लोंबत असायच्या. लहानपणी मी त्यांच्याशी खेळले आहे. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली, आणि मला वाढवलं ते या बाईने. तिच्या घरातला सगळ्यात खालचा कोनाडा माझा होता. दर वर्षी ती मला भिंतीशी उभी करायची आणि माझं सामान एक कोनाडा वर सरकवायची.

एवढी जिची नजर, तिने माझ्या बाबतीत काय केलं ते ऐका. मला अजून पटत नाही, पण केलं.

एका घरी ती कामाला गेली होती. घरात आई आणि मुलगा, दोघंच. मुलगा मोजणी कार्यालयात नोकरीला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने स्वतः मावशीला पाणी आणून दिलं, तिचं स्टूल उचलून दिलं, "मावशी, तुम्ही थकला असाल" म्हणाला. मावशी विरघळली. गवंडीकाम करणाऱ्या बाईला कोण विचारतं? घरी येऊन मला म्हणाली, "अगं, इतकं शांत घर मी जन्मात पाहिलं नाही. भांड्याचा आवाज नाही, माणसाचा नाही." आणि मग हसत म्हणाली, "आई तर ताडमाड उंच. पण कोनाडे घेतले सगळे कमरेशी. खांदा धरलाय तिचा. उंच बाई आणि बुटके कोनाडे!" मीही हसले. दोघी पोट धरधरून हसलो. ते हसू आठवलं की आता मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच घरात मावशीने माझं लग्न लावलं. स्थळ तिनेच सुचवलं, शब्द तिनेच टाकला.

त्याला मी तेव्हा 'अहो' म्हणायचे. आता अरे-तुरे करते, आणि तेही त्याच्या लायकीपेक्षा जास्तच आहे. पहिले चार महिने तो गोड होता. मग एकदा चहात साखर कमी पडली आणि त्याने कप भिंतीवर फेकला. मला वाटलं, कामाचा ताण असेल. मग ताण दर आठवड्याला यायला लागला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याने माझा उजवा हात मागे पिरगाळला आणि काहीतरी कट्‌कन वाजलं. डॉक्टरांना मी सांगितलं, जिन्यावरून पडले. तो शेजारीच उभा होता, माझ्या पाठीवरून हात फिरवत. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, नवरा किती काळजी करतो." खांदा पुन्हा धड झाला नाही. हात छातीपर्यंत वर जायचा आणि तिथे कुलूप लागायचं.

घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "बाहेर कळलं, तर दुसरा हातही आहे तुला."

तेव्हा मला जगात एकच गोष्ट हवी होती, की कुणाला कळू नये. आणि मावशीला तर मुळीच नाही. एक तर डाव्या हाताची भीती. आणि दुसरं म्हणजे, हे घर तिने मला शोधून दिलं होतं. तिला कळलं तर ती जिवंत राहील का, हीच मला शंका होती. मी तिच्याकडे जाणं कमी केलं. गेले तर दहा मिनिटं, हात मांडीवर, "बरं चाललंय" आणि उठले. ती म्हणायची, "संसारात रमली पोरगी." रमले होते तर, गळ्यापर्यंत!

सासूबाई घरात असूनही नसल्यासारख्या. मागच्या खोलीत त्यांची छोटी चूल वेगळी, बुटके कोनाडे वेगळे. मला मार बसला की दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी मलमाची डबी दिसायची. बोलायच्या मात्र अक्षर नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "तुझे सासरे फार तापट होते." मी समजले, मुलाने बापाचा कित्ता गिरवला. सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती. माझ्या मनात भिंतीवरच्या फोटोतल्या त्या माणसाबद्दल इतका राग होता की मी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसत नसे.

आणि मग एक दिवस तो ऑफिसातून आला आणि म्हणाला, "तुझ्या मावशीला बोलावतोय. बाहेरच्या खोलीत चार कोनाडे करू. साहेबांच्या घरी आहेत, आत दिवे लावलेत, फार झकास दिसतं."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आधीच्या खेपेला मावशी जेव्हा दिवसभर स्टुलावर बसली होती तेव्हा हा ऑफिसात होता. त्याच्या लेखी कोनाडे काढणं म्हणजे छन्नी, हातोडा आणि राडारोडा. ती आधी बसून काय बघते, याचा त्याला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "तिला आता होत नाही हो." तो म्हणाला, "होतंय की, मी विचारलंय. उद्या येते." झालं!

मावशी आली ती सुतळी घेऊन; पोरीचंच घर म्हणून या खेपेला हत्यारंही पहिल्याच दिवशी आणली होती. बाहेरच्या खोलीचं मोजमाप तिने दहा मिनिटांत उरकलं आणि मला म्हणाली, "हे त्याचं झालं. आता स्वयंपाकघरात माझ्याकडून तुला सहा. लग्नात काही दिलं नाही मी तुला." मी नको नको म्हणाले. तिने स्टूल ओढलं आणि बसली. सकाळचे नऊ वाजले होते. तो साडेपाचला यायचा.

मला तिची तऱ्हा पाठ होती, म्हणून मीही तयारीत होते. आदल्या दिवशीच मी चहा-साखरेचे डबे मुद्दाम वरच्या फळीवर चढवून ठेवले होते. आता डावा हात ऐटीत उंच करून ते काढायचे, मध्येच गाणं गुणगुणायचं, उजव्या हाताला काही ना काही काम चिकटवून ठेवायचं. नाटक कंपनीत शोभले असते मी. दोन तास बरं चाललं. मावशी चहा पीत बसली होती, बोलत होती, तिच्या गल्लीतल्या भांडणांच्या गमती सांगत होती. मला वाटलं, जमलं.

कसलं जमतंय! डावखुरी नसलेल्या बाईचा डावा हात किती खोटं बोलणार? झाकण उघडायला मी डबा काखेत दाबला. पातेलं उतरवताना अख्खं अंग वळवलं. मिठाला उजवा हात गेला, छातीशी अडला आणि मागे आला, असं तीनदा. चौथ्यांदा मावशीच्या गमती थांबल्या.

दुपारी ती म्हणाली, "उभी राहा भिंतीशी. उजवा हात."

मी डावा वर केला.

"उजवा गं."

"उजव्याला पीठ लागलंय."

"लागू दे भिंतीला. भिंत माझी आहे आज."

मी उजवा हात वर केला. छातीपर्यंत गेला. मी दात आवळले आणि हसले. तिने सुतळी धरली, गाठ मारली. "आता ताण," म्हणाली. मी ताणला. हात हलला नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने दुसरी गाठ मारलीच नाही. ती मुकाट्याने पेन्सिल घेऊन भिंतीवर चौकोन काढायला लागली. सहाही चौकोन कमरेच्या वर, छातीच्या खाली, एका ओळीत.

मग चार पावलं मागे जाऊन तिने ती ओळ पाहिली. आणि पाहतच राहिली. मग पिशवीत हात घालून तिने दुसरी सुतळी काढली, निळ्या चिंधीची. याच घरात काम म्हणून ती सासूबाईंची जुनी सुतळी बरोबर घेऊन आली होती. तिने दोन्ही शेजारी धरल्या आणि जमिनीला टेकवल्या.

गाठीला गाठ लागली.

सासूबाई माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत.

मावशी मटकन खाली बसली. अंगावर भिंत आली तरी जागची न हलणारी बाई, ती फरशीवर बसली. मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"पडले जिन्यावरून."

"आणि विहीणबाई?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दोघी एकाच जिन्यावरून पडलात का गं?" मावशी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्यावर आवाज चढवला होता. मग तोच आवाज एकदम खाली आला. "मीच मापलं होतं. माझ्या या हातांनी. उंच बाईचा हात इथवरच का जातो, हे मला विचारावंसं वाटलं नाही. हसले मी, हसले! आणि पोर आणून त्याच भिंतीत चिणली."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिने तो झटकला, उठली आणि तडक मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

सासूबाई मटार सोलत होत्या. मावशीच्या हातातल्या दोन सुतळ्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांचा हात थांबला.

"विहीणबाई," मावशी म्हणाली, "तुम्ही मला खांदा धरलाय म्हणाला होतात."

"मी नाही म्हणाले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, 'खांदा धरलाय वाटतं?' मी हो म्हटलं. तुम्ही नुसतं 'काय झालंय' विचारलं असतंत, तर त्या दिवशी कदाचित सांगितलं असतं."

मावशीचं तोंड पांढरं पडलं, भिंतीसारखं. मी मध्ये पडले. मला वाटलं, मला सगळं माहीत आहे. "मावशी, त्यांना कशाला बोलतेस? सासऱ्यांनी केलंय ते. ते तापट होते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुझे सासरे तोंडाने तापट होते. त्यांनी हात कधी उचलला नाही. ते गेले त्या वर्षी मी या छताची जळमटं काढत होते, स्टुलाशिवाय."

मला आधी कळलंच नाही. खरंच सांगते, मी तिथे उभी राहून हिशोब करत होते: सासरे नाहीत, मग कोण, घरात तर दुसरं कुणी नव्हतंच. आणि मग कळलं. आईवर! स्वतःच्या आईवर! मी दाराची चौकट धरली.

"बोलले असते तर कुणाला बोलले असते?" सासूबाई म्हणाल्या. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "माझ्या स्थळाला होकार दिलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी दिलात?"

"लग्न झालं की निवळेल, असं मी स्वतःला सांगितलं." त्यांनी मटारचा एक दाणा बोटांत धरला होता, तो त्यांना टोपलीत टाकता येईना. "खोटं कशाला बोलू. तू आल्यापासून त्याने माझ्या अंगाला बोट लावलेलं नाही. रोज रात्री मी देवाचे आभार मानले, आणि रोज मला स्वतःची किळस आली."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चेटकीण म्हटलं, कसाई म्हटलं, मलमाची डबी उचलून भिंतीवर मारली. त्या ऐकत होत्या. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही. मावशीने मला दंडाला धरलं, डाव्या, आणि ओढत स्वयंपाकघरात आणलं.

"पिशवी भर."

"कुठे जायचं?"

"माझ्या घरी. तुझ्या घरी. आणि कुठे?"

"लोक काय म्हणतील? मावशी, तो येईल तिथे. तो म्हणालाय की—"

"येऊ दे. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भिंती माझ्या आहेत. एक हाक मारली की सगळी दारं उघडतील. तू पिशवी भर, पोरी. चार वाजून गेले."

मी भरली. कपडे, डॉक्टरांचे कागद, आईचा एक फोटो. सगळं डाव्या हाताने. मावशीने तिची हत्यारं गोळासुद्धा केली नाहीत. छन्नी, हातोडा, ओळंबा, सगळं बाहेरच्या खोलीत तसंच पडून. तीस वर्षं जिने थापी धुतल्याशिवाय घर सोडलं नाही, तिने.

आम्ही बाहेरच्या दाराशी आलो तर सासूबाई तिथे उभ्या. मला वाटलं, अडवतायत. माझी मूठ वळली.

"तो आला की मी सांगेन, सामान आणायला गेल्यात," त्या म्हणाल्या. "अर्धा तास मला काढता येईल. तेवढ्यात तुम्ही पोचाल."

अर्धा तास! त्या घरात अर्धा तास कशाने काढायचा असतो, हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी तिथे उभी होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: काढू दे. दीड वर्ष मी काढलं, आता एक अर्धा तास त्यांनी काढावा. मी काही थोर बाई नाही. मी उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकलंसुद्धा होतं.

आणि तेव्हा मला त्यांचा हात दिसला. दार उघडं धरायला त्यांनी तो उचलला होता, आणि तो छातीशी अडकला होता. माझ्यासारखाच. सुतळीभरही इकडेतिकडे नाही.

"चपला घाला," मी म्हटलं. रागातच म्हटलं. अजूनही माझा तो राग पुरता गेलेला नाही.

"अगं, मी कशाला?"

"आई, चपला घाला म्हणते ना!"

त्यांनी नजर वर केली. दारावर, छताच्या लगत एक कोनाडा आहे. मीही वर पाहिलं. दीड वर्षं त्या दारातून मी ये-जा केली होती, पण वर बघायचं कधी कारणच पडलं नव्हतं. सासूबाई कधी बाहेर पडत नाहीत, हे मला दिसत होतं. मला वाटायचं, आवड नसेल.

"वर आहेत," त्या म्हणाल्या. "त्याने ठेवल्यात, कोनाडा झाला तेव्हापासून. घरी आला की आधी तिकडे बघतो."

तो कोनाडा मावशीनेच खोदला होता, पहिल्या खेपेला. तो म्हणाला होता, "मावशी, दारावर एक उंच काढा, छत्र्या ठेवायला."

"अहो, पण काठीने पाडायच्या!" मी म्हटलं. "स्टुलावर चढायचं! शेजारणीला हाक मारायची! इतके दिवस?"

"पाडता येतात गं," सासूबाई म्हणाल्या. "परत वर ठेवता येत नाहीत."

मावशीने स्टूल ओढून घेतलं आणि हातोड्याच्या दांड्याने त्या चपला खाली पाडल्या. धुळीसकट पडल्या. मी त्या आपटून झटकल्या आणि सासूबाईंच्या पायांपुढे ठेवल्या. न वापरून चामडं कडक झालं होतं, पाऊल आत जाईना. मावशी खाली बसली आणि तिने पट्टे सैल केले.